पाचवा महिना, दमा आणि मीच बंद केलेला पंप (नाशिक)

द्राक्षवेल | १४ सप्टेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी २८ वर्षांची, इंदिरानगरला राहते. पहिलंच बाळंतपण, बाविसावा आठवडा चालू आहे. दमा सातवीपासून. रोज सकाळ-संध्याकाळ फोराकॉर्टचा पंप आणि दम लागलाच तर अस्थालिनचा पंप, असं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. दिवस राहिल्याचं कळलं आणि रोजचा पंप मीच बंद केला. कुणी जबरदस्ती केली नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर सगळे माझ्या सासूबाईंवर घसरतील. खोक्यातला घडीचा कागद उघडला, त्यात स्टेरॉइड हा शब्द दिसला आणि हातपाय गार पडले. सोनोग्राफीच्या रांगेत शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही तर क्रोसिनसुद्धा घेत नाही." सासूबाई म्हणाल्या, औषध जितकं कमी तितकं बरं. आई फोनवर म्हणाली, बघ बाई तूच. मी बघितलं आणि पंप कपाटात टाकला.

तीन महिने काही झालं नाही. मग पावसाने कपडे घरातच वाळत, त्यात गणपतीत दहा दिवस धूप-कापूर, बाहेर सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले. आधी नुसता खोकला, मग जिना चढताना शिट्टी. परवा पहाटे तीनला जाग आली ती श्वास कोंडून. ओट्यावर दोन्ही तळवे टेकून वाकून उभी राहिले, कारण आडवं होताच येईना. अस्थालिन सापडला तो मुदत संपलेला, फवारा नुसता फुस्स. नवऱ्याला "गाडी काढ" एवढे दोन शब्द सांगायला मध्ये श्वास घ्यावा लागला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ऑक्सिजन ९१. नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन लावला, पाच दिवसांच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. बाळाचे ठोके ऐकवले तेव्हा मी रडले.

आता डोक्यात भुंगा सुरू आहे. रोजचा पंप परत सुरू करू का? या गोळ्यांनी बाळाला काही होईल का? आणि सातव्यात माहेरी जायचं ठरलंय, माहेर पिंपळगाव बसवंतजवळ, घराला लागूनच द्राक्षबाग. तिकडे जाऊ की नको?

निशिगंध | १५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

वाचताना माझीच छाती भरून आली गं. माझी लेक आता तीन वर्षांची आहे आणि मी पहिल्या तीन महिन्यांत हेच केलं होतं. फक्त मला हॉस्पिटल गाठायला सहावा महिना लागला. आज पहिलं काम, छातीच्या डॉक्टरांना फोन. दुसरं, मुदतीतला अस्थालिन घरात एक आणि पर्समध्ये एक. बाकी गप्पा नंतर.

छातीठोक | १५ सप्टेंबर, दुपारी २:२०

ओपीडी संपवून लिहितोय. मी छातीचाच डॉक्टर आहे, पण तुमचा नाही. त्यामुळे डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. आजच घ्या, पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

स्टेरॉइड या शब्दाचं भूत आधी उतरवू. तुमच्या पंपात ब्युडेसोनाइड आहे. एका फवाऱ्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम, आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. रक्तात पोचतं ते फारच थोडं. परवा हॉस्पिटलात दिलेल्या गोळ्या बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या असतील, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, तेही पोटातून रक्तात. औषधं वेगळी आहेत, सरळ भागाकार करता येत नाही हे मान्य. पण थेंब टाळायला गेलात आणि बादली अंगावर घ्यावी लागली, एवढं लक्षात यावं.

ब्युडेसोनाइड १९८०च्या दशकापासून वापरात आहे आणि गरोदरपणात पंपातून घ्यायच्या स्टेरॉइडमध्ये सगळ्यात जास्त माहिती याचीच आहे. स्वीडनमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाची सरकारी नोंद होते. त्या नोंदींतून १९९९ साली दोन हजारांवर बाळं तपासली, ज्यांच्या आयांनी गरोदरपणाच्या सुरुवातीला हा पंप घेतला होता. जन्मजात व्यंगाचं प्रमाण इतर बाळांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. साल्ब्युटामॉल, म्हणजे तुमचा अस्थालिन, तर त्याहून जुना आणि तोही चालतो.

उलट बाजू बघा. दमा आटोक्यात नसेल तर आईचं बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया होण्याचा, वेळेआधी बाळंत होण्याचा आणि बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. बाळ स्वतः श्वास घेत नाही, त्याला तुमच्या रक्तातूनच ऑक्सिजन मिळतो. म्हणून एरवी ९२-९३ वर आपण थोडं थांबून बघू, पण गरोदर बाईचा आकडा ९५च्या खाली नको.

गोळ्यांबद्दल: पहिल्या तीन महिन्यांत तोंडातून घेतलेल्या स्टेरॉइडचा आणि दुभंगलेल्या ओठाचा किंचित संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. तुम्ही बाविसाव्या आठवड्यात आहात, बाळाचा ओठ-टाळू केव्हाच जुळून झालाय. पाच दिवसांचा कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडू नका. वारंवार कोर्स लागले तर साखर वाढू शकते, म्हणून साखरेची तपासणी चुकवू नका.

अजून एक. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश जणींचा दमा वाढतो, एक तृतीयांश जणींचा कमी होतो आणि बाकीच्यांचा आहे तसाच राहतो. वाढणार असेल तर बहुतेक वेळा सहाव्या ते आठव्या महिन्याच्या आसपास. म्हणजे तुमचा खरा घाट अजून पुढे आहे.

सडेतोड | १५ सप्टेंबर, दुपारी ४:१५

पोटुशी बाई म्हटली की धाप लागायचीच. आमच्या आईने पाच बाळंतपणं केली, गिरणा धरणाच्या कामावर पाट्या वाहिल्या, ना पंप ना डॉक्टर. हल्ली प्रत्येक गोष्टीला यंत्र.

छातीठोक | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

सडेतोड, तुमचं अर्धं बरोबर आहे. गरोदरपणात दमा नसलेल्या बाईलाही धाप लागते. प्रोजेस्टेरॉनमुळे ती मिनिटाला नेहमीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त हवा आत-बाहेर करते. पण त्या धापेत शिट्टी नसते, पहाटे खोकला उठत नाही, आणि पंप घेतल्यावर बरंही वाटत नाही.

फरक ओळखायचा असेल तर पीक फ्लो मीटर घ्या. प्लॅस्टिकची नळी, त्यावर सरकणारा काटा, जोरात एकच फुंकर, ती किती वेगाने गेली ते काटा दाखवतो. गरोदरपणाने त्यातला आकडा बदलत नाही. धाप लागली आणि आकडा नेहमीचाच आला तर ती पोटाची धाप. आकडा घसरला तर दमा. आकडे खोटं बोलत नाहीत, आपण बोलतो.

(तुमच्या आईंना दमा नव्हता, एवढाच काय तो मुद्दा.)

मिसळ_रस्सा | १५ सप्टेंबर, रात्री १०:०२

गरोदरपणात तर्रीवाली मिसळ दम्याला चालते का, हा माझ्या बायकोचा प्रश्न. प्रश्न खरंच तिचाच आहे.

निशिगंध | १५ सप्टेंबर, रात्री १०:३०

@मिसळ_रस्सा, हसण्यावारी नेऊ नका. मला सातव्यानंतर जळजळ सुरू झाली आणि रात्रीचा खोकला दम्याचा नाही, आम्लाचा निघाला. वर आलेलं आंबट पाणी दमाही चेतवतं. रात्रीचं जेवण साडेसातला, झोपताना डोक्याकडची बाजू उंच. मिसळ सकाळी खा, तर्री बाजूला.

गोळीवाला | १६ सप्टेंबर, सकाळी १०:४५

नाशिकरोडला माझं मेडिकल आहे. काउंटरवर रोज दिसतं ते लिहितो.

शंभरातले किती लोक पंप नीट घेतात ते विचारू नका, चेहरे पडतील. दोन बोटांत धरतात, तोंडासमोर आणतात, दाबतात, आणि निम्मं औषध जिभेवर. मग सांगतात "पंपाने फरक पडत नाही". स्पेसर घ्या. प्लॅस्टिकचा फुगीर डबा असतो, एकदाच घ्यावा लागतो. पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरला ओठ घट्ट लावायचे, एक फवारा, सावकाश खोल श्वास, मग दहापर्यंत आकडे मोजेतो श्वास धरायचा. दुसरा फवारा पुन्हा पहिल्यापासून, दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो.

पंप हलवून "आहे अजून" म्हणणारे बरेच. औषध संपलं तरी आतला वायू खळखळत राहतो. मागचा आकडा बघा. आकडा नसेल तर पहिल्या दिवशी खोक्यावर तारीख लिहा. आणि रंगावरून पंप ओळखू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. नाव वाचा.

आमच्या धंद्यातलेही काही जण पोट बघून पंप द्यायला कचरतात, हे कबूल करतो. चिठ्ठीवर "गरोदर, चालू ठेवणे" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. वाद वाचतो.

नलूआत्या | १६ सप्टेंबर, दुपारी १२:१०

मुली, घाबरू नकोस. मी ७१ वर्षांची, पंचवटीत हयात गेली. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देतात, आमच्या ह्यांना तीन वर्षं नेलं होतं. फरक पडला का, तर पडला नाही, पण रात्रभर जागून चंद्र मात्र पाहिला. तू काही त्या रांगेत जाऊ नकोस. कुणी पुडी दिली तर ती तर मुळीच घेऊ नकोस. एका ओळखीच्या बाईला अशाच पुडीने बरं वाटायचं, पुढे तिचा चेहरा चंद्रासारखा सुजला. पुडीत स्टेरॉइडच निघालं म्हणे.

धुरीबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. बाळंतिणीला ओवा-बाळंतशेपाची धुरी हवीच. ती कशी चुकवणार?

छातीठोक | १६ सप्टेंबर, दुपारी १:००

आत्या, पुडीचं अगदी खरं. धुरी मात्र चुकवाच. बाजेखाली शेगडी, दारं-खिडक्या बंद आणि मध्ये दम्याची बाळंतीण, ते चित्र मी वॉर्डात पाहिलंय. बाळालाही धूर नकोच. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे.

सातपूरकर | १६ सप्टेंबर, रात्री ११:१५

माझी गोष्ट वेगळी आहे, म्हणून सांगते. आठव्या महिन्यात माझं बीपी वाढलं. एका दवाखान्यात लॅबेटालॉल सुरू केलं आणि दोन दिवसांत छाती आवळल्यासारखी. नंतर कळलं की ते बीटा ब्लॉकर आहे, दमा असलेल्यांना शक्यतो देत नाहीत. फाईलवर दमा लिहिलेलाच नव्हता. तिथल्या कुणी विचारलं नाही हे खरं, पण मीही सांगितलं नव्हतं, कारण चार वर्षांत त्रासच नव्हता. मग निफेडिपीनवर नेलं आणि सुरळीत झालं. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने "दमा" लिहा. आणि ॲस्पिरिन किंवा कॉम्बिफ्लामने कधी दम लागला असेल तर तेही. हल्ली प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला कमी डोसचं ॲस्पिरिन सर्रास देतात.

छातीठोक | १७ सप्टेंबर, सकाळी ८:३०

@सातपूरकर, फार मोलाचं लिहिलंत. त्यात भर घालतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तर कार्बोप्रोस्टचं इंजेक्शन देतात. त्याने दम्याच्या बाईच्या श्वासनलिका आवळू शकतात. ऑक्सिटोसिन चालतं, मिसोप्रोस्टॉल चालतं. हे भूलतज्ज्ञ आणि गायनॅक दोघांना आधीच माहीत हवं, ऐन धावपळीत नव्हे.

द्राक्षवेल | २० सप्टेंबर, रात्री ९:१०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ओरडतील वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "पंप घेऊन दाखव." दाखवला. पंधरा वर्षं चुकीचा घेत होते! दाबून झाल्यावर श्वास घ्यायचे. @गोळीवाला, तुमच्या काउंटरवरचं ते गिऱ्हाईक मीच.

पंप परत सुरू झाला, स्पेसर घेतला. पीक फ्लो आज २९०. माझा चांगल्यातला चांगला ३८० धरलाय, म्हणजे ३०४च्या वर हिरवा पट्टा, १९० ते ३०४ पिवळा, त्याखाली लाल. डॉक्टरांनी एक कागद लिहून दिला, तो फ्रीजवर लावलाय. पिवळ्यात काय करायचं, लाल आलं तर साल्ब्युटामॉल स्पेसरमधून किती फवारे, किती मिनिटांनी परत आणि त्याच वेळी गाडी काढायची. वाक्य पुरं बोलता आलं नाही, ओठ निळसर दिसले, पंपाचा असर चार तासही टिकला नाही किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर वाट बघायची नाही, १०८. सासूबाईंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि देवघरातला धूप स्वतःच गॅलरीत नेला. म्हणून म्हटलं होतं, त्यांच्यावर घसरू नका.

आता माहेरचं सांगा.

बागाईतदार | २१ सप्टेंबर, सकाळी ६:४०

ताई, मी दिंडोरीचा, द्राक्षवालाच. खरं सांगतो, बागेला लागून घर असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतर येऊ नका. छाटणीपासून डावणी रोगासाठी फवारण्या सुरू होतात, पाऊस झाला तर दिवसाआड. ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू झाला की धुकं ओसरीपर्यंत येतं. पुढे भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी, ती तर आम्हालाच नाकात झोंबते. तुमच्या वडिलांनी बंद ठेवली तरी शेजारचा करणारच, त्याचंही पीक आहे. वर निफाड पट्ट्यातली डिसेंबर-जानेवारीची थंडी, आणि थंडी म्हटली की गव्हाच्या वावराला पाणी द्यायला निघालेले लोक चौकाचौकात शेकोटी पेटवणार, त्यात टायरसुद्धा. आईला नाशकात बोलवा.

नलूआत्या | २१ सप्टेंबर, सकाळी ९:००

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण रीत मुलीसाठी आहे, बागेसाठी नाही. बागाईतदार बरोबर सांगतात.

होऊघातलेला_बाप | २५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मी द्राक्षवेलचा नवरा, तिने पासवर्ड दिला नाही म्हणून वेगळ्या नावाने. दिवाळी पार पडली. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सहा ते बारा खिडक्या बंद, मच्छर अगरबत्तीऐवजी जाळी, आणि फटाक्यांची लड समोरच्या बिल्डिंगमध्ये. रात्री ११ला पीक फ्लो २८०, पिवळा पट्टा. कागदाप्रमाणे केलं, पहाटेपर्यंत ३३०. मी मात्र झोपलो नाही. फ्लूची लस आणि डांग्या खोकल्याची लस, दोन्ही झाल्या. गायनॅक म्हणाल्या फ्लूची कधीही चालते, दुसरी २७ ते ३६ आठवड्यांत. अठ्ठाविसावा चालू आहे.

एक प्रश्न. माझ्या बांधकामाच्या सायटीवर काम करणाऱ्या एकाच्या बायकोलाही दमा आहे, तीही तिथेच कामाला, सहावा महिना, पैशांची ओढाताण. त्यांनी कुठे जावं?

सातपूरकर | २६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६पासून आहे ही योजना. त्र्यंबक रोडचं सिव्हिल किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. जाताना दम्याचं सांगायला विसरू नका म्हणावं. सरकारीत बाळंतपण आणि औषधंही मोफत, नेआण करायला १०२ ची गाडी. आणि साईटवर सिमेंट-वाळूजवळ तिला काम देऊ नका, ते तुमच्या हातात आहे.

होऊघातलेला_बाप | २६ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

आहे. आजपासून तिला स्टोअरच्या नोंदवहीवर बसवतो.

द्राक्षवेल | १८ डिसेंबर, रात्री १०:००

छत्तिसावा चालू होईल. पीक फ्लो रोज ३६०च्या वर. एकच भीती, कळा सुरू असताना दमा उठला तर?

छातीठोक | १९ डिसेंबर, दुपारी २:४०

फार क्वचित. शेवटच्या चार आठवड्यांत दमा बहुतेकींचा शांत असतो, आणि कळांच्या वेळी शरीर स्वतःच ॲड्रेनलिन सोडतं. दोन्ही पंप पिशवीत घेऊन जा, त्या दिवशीही रोजची वेळ चुकवू नका. वेदना कमी करायला पाठीतलं इंजेक्शन चालतं. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालल्या असतील तर कळांच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं. तुमचा एकच छोटा कोर्स झालाय, पण तोही सांगा. आणि दूध पाजताना दोन्ही पंप चालतात, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर जानेवारीत कुणीतरी परत कागद उघडून वाचेल.

द्राक्षवेल | २३ जानेवारी, पहाटे ४:१०

११ तारखेला मुलगा झाला. २ किलो ९०० ग्रॅम, नॉर्मल. अस्थालिन पिशवीतून बाहेरसुद्धा आला नाही.

आई आलीय पिंपळगावहून. येताना शेगडी, गोवऱ्या, ओवा, बाळंतशेपा सगळं घेऊन. पहिल्याच दिवशी दारात सासूबाई उभ्या. "विहीणबाई, ओवा कढईत भाजून फडक्यात बांधू, शेकू. धूर मात्र उंबऱ्याबाहेर." आई रुसली, मग फ्रीजवरचा कागद वाचला, मग गोवऱ्या वॉचमनला दिल्या. शेगडीवर आता तो रात्री शेकतो. बाहेर, लांब!

पण आज नवीनच गोंधळ. स्पेसर धुऊन ओट्यावर वाळत ठेवला होता. आईला वाटलं बाळाची कसली तरी बाटली आहे, तिने दहा मिनिटं उकळून ठेवला. चालेल का?

गोळीवाला | २३ जानेवारी, सकाळी ९:३०

अभिनंदन! नाही चालणार. कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, पुसायचा नाही, आपोआप वाळू द्यायचा. उकळल्याने आतली पातळ झडप वाकते. उजेडात धरून बघा, झडप सपाट नसेल तर नवीनच घ्या. आणि आईंना म्हणावं, बाळालाही बाटली नकोच.